धाकट्या शिक्र्याची प्रकृती समाधानकारक

मनुष्याच्या आयुष्यातले बहुतेक अनर्थ एका गोष्टीला दुसरीच गोष्ट समजल्यामुळे घडतात. साखर समजून मीठ टाकले जाते, आपली समजून दुसऱ्याची छत्री उचलली जाते, आणि शांत स्वभावाचा समजून भलताच जावई केला जातो. या चुका कशाबशा निस्तरता येतात. परंतु थोरल्या शिक्र्याला एकदा का धाकटा शिक्रा म्हटले गेले की तो डाग कशानेही निघत नाही, अशी आमची धारणा आहे. आमचे शिक्रा-भेद निर्णय मंडळ याच धारणेवर उभे आहे, आणि मी त्या मंडळाचा सहकार्यवाह आहे.

ज्यांना शिक्रा ठाऊक नाही अशा अभाग्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिक्रा म्हणजे ससाण्याच्या गोतातला एक छोटा शिकारी पक्षी. आमच्याकडे तो दोन प्रकारचा आढळतो, थोरला आणि धाकटा. दोघांचीही पाठ राखाडी, दोघांच्याही छातीवर तांबूस आडव्या रेघा, दोघांचेही डोळे नुकतेच कोणाशी तरी भांडून आल्यासारखे. दोघेही चिमण्या खातात. चिमण्यांना दोघांतला फरक सांगता येत नाही (त्यांच्यापाशी वेळही कमी असतो). मंडळाने मात्र या कामी डोळ्यांत तेल घालून एक पुस्तिका तयार केली आहे. तिच्यातली मुख्य कलमे अशी:

एक. आकार. थोरला मोठा, धाकटा लहान. मात्र दोन्ही प्रकारांत मादी नरापेक्षा मोठी असल्याने धाकट्याची मादी आणि थोरल्याचा नर जवळजवळ एकाच मापाचे भरतात. सबब आकारावर विसंबू नये.

दोन. शेपटी. थोरल्याच्या शेपटीचे टोक गोल, धाकट्याचे सरळ. मात्र मिटलेली गोल शेपटी सरळ दिसते आणि पसरलेली सरळ शेपटी गोल दिसते. शेपटीवर विसंबावे, पण बेताने.

तीन. डोके. थोरल्याचे डोके मोठे आणि मान पुढे काढलेली. धाकट्याचे डोके खांद्यांत गेलेले, जणू आत्ताच बोलणी खाल्ली आहेत. मात्र थंडीत थोरलाही असाच बसतो.

चार. पाय. धाकट्याचे पाय काडीसारखे. मात्र पाय बहुधा पानांआड असतात.

पाच. एकंदर भाव. थोरला जबाबदार दिसतो. (हे कलम अध्यक्षांनी घातले. ते स्वतः पाच भावंडांत थोरले.)

या पुस्तिकेच्या बळावर मंडळाच्या सभासदांनी आजवर सहाशे बारा शिक्रे ओळखले. त्यांपैकी थोरले तीनशे अकरा, धाकटे तीनशे एक, आणि ‘सांगता येत नाही’ असे शून्य. या शून्याचा आम्हाला फार अभिमान आहे. ‘सांगता येत नाही’ असा रकाना सुरुवातीला छापलेला होता. पण एका नव्या सभासदाने तो वापरण्याची तयारी दाखवल्यावर रकाना आणि सभासद दोघेही कमी करण्यात आले.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मोजणी अधिकारी आहेत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूची कड स्पष्ट दिसते. त्यांना दिसलेला प्रत्येक शिक्रा थोरला असतो. उपाध्यक्ष दंतवैद्य आहेत. त्यांना दिसलेला प्रत्येक शिक्रा धाकटा असतो. दोघे सहसा एकत्र फिरायला जात नाहीत, त्यामुळे मंडळाचे काम सुरळीत चालते.

जखमी शिक्र्यांसाठी मंडळाचे शुश्रूषा केंद्रही आहे. एका जुन्या गोदामाच्या मागच्या खोलीत दोन पिंजरे आहेत. थोरल्यांसाठीचा पिंजरा लाकडाच्या वखारीच्या मालकांनी दिला. ते कळताच त्यांच्या व्याह्यांनी धाकट्यांसाठी दुसरा पिंजरा दिला आणि तो मुद्दाम चार बोटे मोठा करवून घेतला. त्यामुळे लहान पक्ष्याचा पिंजरा मोठा आणि मोठ्या पक्ष्याचा लहान झाला आहे, पण देणगीच्या पिंजऱ्याचे माप कोणी काढत नाही. दोन्ही व्याह्यांची अट एकच होती. दुसऱ्याचा पक्षी माझ्या पिंजऱ्यात नको.

दर मंगळवारी पशुवैद्य येतात, दोन्ही पिंजऱ्यांत डोकावतात, ‘एकही रुग्ण गंभीर नाही’ असा शेरा मारतात आणि जातात. स्थापनेपासून केंद्रात एकही पक्षी दगावलेला नाही. मोठमोठ्या इस्पितळांना हे साधलेले नाही. याचे श्रेय प्रवेशाच्या नियमाला द्यायला हवे. पक्षी थोरला की धाकटा हे ठरल्याशिवाय त्याला दाखल करून घेत नाहीत, आणि दाखल झाल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. याआधी तीन जखमी शिक्रे दारापर्यंत आले होते. तिघेही निर्णय चालू असताना गेले. (निर्णय चालू असलेला पक्षी हा केंद्राचा रुग्ण नसतो, त्यामुळे वरच्या आकड्याला धक्का लागत नाही.)

तर एका मंगळवारी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचे कोपऱ्यावर शिवणकामाचे दुकान आहे. त्याला रस्त्याच्या बाजूने मोठी काच आहे.

“दादा, एक ससाणा माझ्या काचेवर आपटलाय. पंख लोंबतोय त्याचा. तुझ्या त्या डॉक्टरांना घेऊन ये, पटकन.”

“ससाणा नव्हे, शिक्रा असणार,” मी म्हणालो. “थोरला की धाकटा?”

“मला काय माहीत? मी काय त्याच्या घरी जाऊन आलेय?”

मी अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि पशुवैद्य यांना घेऊन दुकानात पोहोचलो. पक्षी चिंध्यांच्या टोपलीत, अस्तराच्या तुकड्यावर पडला होता. डावा पंख बाहेर लोंबत होता. एक डोळा उघडा होता आणि त्या डोळ्यात आम्हा सर्वांविषयी एकच मत होते. अध्यक्षांनी टोपलीकडे पाहिले आणि म्हणाले, “थोरला.” त्याच क्षणी उपाध्यक्ष म्हणाले, “धाकटा.” पशुवैद्यांनी बॅग उघडली होती, ती त्यांनी पुन्हा मिटली.

“पंख आज बांधला तर हा उडेल,” ते म्हणाले. “उद्यावर गेला तर मी काही सांगू शकत नाही. लावू का हात?”

“दाखल होऊ दे,” अध्यक्ष म्हणाले.

पशुवैद्य गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले आणि तिथले गळ्यांच्या नमुन्यांचे पुस्तक चाळू लागले. मनुष्य समजूतदार आहे.

मग मोजमाप झाले. बहिणीची टेप घेतली. “छाती किती धरू, ढिली की घट्ट?” असे तिने विचारले, ते आम्ही मनावर घेतले नाही. माप नेमके मधोमध आले. म्हणजे पक्षी नर असेल तर तो थोरला ठरत होता आणि मादी असेल तर धाकटा. त्याअर्थी आधी नर की मादी हे ठरवायला हवे होते. तेव्हा उपाध्यक्षांच्या नेतृत्वाखाली एक उपसमिती तिथेच, इस्त्रीच्या टेबलाशी, नेमण्यात आली. तिने लगेच निवेदन केले की नर-मादी आकारावरून कळते, पण त्यासाठी पक्षी थोरला की धाकटा हे आधी ठाऊक हवे. त्यावर ते ठरवण्यासाठी अध्यक्षांची दुसरी उपसमिती झाली. तिने कळवले की पहिल्या उपसमितीचा अहवाल हाती येताच आपण निर्णय देऊ. दोन्ही उपसमित्या अत्यंत सौजन्याने एकमेकींची वाट पाहू लागल्या. मंडळाच्या इतिहासात इतके सौहार्द पूर्वी कधी दिसले नव्हते. मात्र पहिला अहवाल कोणी द्यावा हा प्रश्न उरलाच, आणि त्याचा खल करण्यासाठी दोघेही फुटपाथवर गेले, कारण आत मशीनचा आवाज फार होत होता.

बहिणीने मशीन थांबवले.

“दादा, काय चाललंय हे?”

“प्रक्रिया.”

“तो मरेल रे.”

“निर्णय झाल्याशिवाय काही करता येत नाही.”

“मग लिहा ना, माहीत नाही म्हणून! त्यात काय कुणाची जीभ झडणार आहे?”

“तसा रकाना नाही,” मी म्हणालो.

तिने कपाळावर हात मारला. मग ती टोपलीपाशी खाली बसली. माझी बहीण फाटक्या तोंडाची म्हणून ओळखली जाते. गिऱ्हाईक मापाला पोट आत ओढून उभे राहिले तर तोंडावर सांगते. पण त्या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता.

“आज सकाळीच मी काच पुसली,” ती म्हणाली. “वर्तमानपत्राचा बोळा करून, अगदी घासून. इतकी लख्ख केली की नसल्यासारखी दिसायला लागली. हा चिमणीमागे आला. चिमणी वळली. हा नाही वळू शकला. मला फार वाईट वाटतंय रे दादा. मीच मारला असं होईल.”

मी तिला पुस्तिकेची प्रत दिली. अशा प्रसंगी वाचनाने धीर येतो. तिने ती उलटसुलट पाहिली आणि दुसऱ्या कलमावर बोट ठेवले.

“ही शेपटी गोल असली की थोरला?”

“हो.”

“आणि सरळ असली की धाकटा, आणि मग डॉक्टर हात लावतात?”

“लावावाच लागतो. पण याच्या शेपटीची कड झिजली आहे. गोल म्हणावी तर गोल, सरळ म्हणावी तर…”

तिने गळ्यातली टेप बाजूला सारली आणि टेबलावरची मोठी कात्री उचलली.

“गोल कापायची म्हणजे खडूनं आखायला हवं,” ती म्हणाली. “तेवढा वेळ नाही. मला संध्याकाळी शाळेचे गणवेश द्यायचेत. सरळच करते.”

पुढे काय झाले ते मला सांगता येणार नाही, कारण त्या वेळी मी काचेतून रस्त्याकडे पाहत होतो. काच खरोखरच स्वच्छ होती. कात्रीचा आवाज मात्र शिवणकामाच्या दुकानात होतच असतो.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष परत आले तेव्हा टोपलीत एक शिक्रा होता आणि त्याची शेपटी पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. उपाध्यक्ष म्हणाले, “मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.” अध्यक्ष वाकले, त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मघाची आपली नजर चुकली असे ते म्हणाले नाहीत. मोजणी खात्यात तशी पद्धत नाही. ते म्हणाले, “मघाशी ती गोल होती.” हे शब्दशः खरे असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. पक्षी धाकटा ठरला, दाखल झाला, आणि पशुवैद्यांनी त्याचा पंख इतक्या चटकन बांधला की आम्हाला जरा अपमान झाल्यासारखेच वाटले.

केंद्राला पहिला रुग्ण मिळाला. धाकट्यांच्या पिंजऱ्याचे देणगीदार पिंजऱ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेऊन गेले आणि त्याची मोठी प्रत त्यांनी वखारवाल्या व्याह्यांना पाठवली. बहीण दुकान बंद करून रोज कच्च्या मांसाचे बारीक तुकडे घेऊन येऊ लागली. “पाहुण्याला भेटायला आलेय,” असे ती दारावरच्या रखवालदाराला सांगे. पाहुणा तिच्याकडे रागाने बघे आणि तुकडा तिच्या हातून घेई. तिला एवढे पुरत असे.

पंख जुळला. पशुवैद्यांनी लिहून दिले की पक्षी बरा आहे, पण शेपटी अपुरी आहे. नवी पिसे आल्यावर सोडावा. शिक्र्याला चपळ वळायला शेपटीच लागते, ती नसेल तर पुढच्या काचेवर तो पुन्हा आपटेल. आम्ही वाट पाहिली. पिसे गळण्याचा हंगाम आला, जुनी पिसे गळली, नवी आली. सगळी शेपटी भरली.

ती गोल होती.

अध्यक्षांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. ते पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसून राहिले. उपाध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मंडळ फुटते की काय असे वाटू लागले. अखेरीस कोणाचीही चूक होणार नाही असा तोडगा निघाला आणि तो ठरावाच्या रूपाने एकमताने संमत झाला: ‘दाखल होतेवेळी पक्षी धाकटाच होता. मंडळाच्या अथक शुश्रूषेमुळे तो थोरला झाला आहे.’ पक्षिजगतात अशी बढती पूर्वी कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. उपाध्यक्षांनी तर यावर एक निबंधही लिहायला घेतला.

आता सोडण्याचेच तेवढे राहिले होते. बहिणीने आदल्या दिवशी विचारले, “उद्या ना, दादा?” मी हो म्हणालो. मी नियम वाचले नव्हते.

नियम असा की जो दाखल झाला त्यालाच सोडता येते. दाखल धाकटा झाला होता. पण पिंजऱ्यात धाकटा नव्हता, त्यामुळे त्याला सोडता येईना. पिंजऱ्यात थोरला होता. पण थोरला कधी दाखलच झाला नव्हता, त्यामुळे त्यालाही सोडता येईना. शिवाय वखारवाले व्याही आले आणि आमचा थोरला त्यांच्या पिंजऱ्यात कसा, म्हणून तणतणून गेले. त्याला वखारवाल्यांच्या पिंजऱ्यात हलवायचा तर नव्याने दाखल करायला हवा, आणि दाखल फक्त जखमी पक्ष्याला करतात. किमान किती जखम पुरेल, असे उपाध्यक्षांनी पशुवैद्यांना शुद्ध हेतूने विचारले. पशुवैद्यांनी बॅग उचलली आणि ते निघून गेले. त्यानंतर ते दाढ दाखवायला दुसऱ्या दवाखान्यात जाऊ लागले, असे मला कळले आहे.

कोणीतरी सुचवले की शेपटी पुन्हा सरळ करून घ्यावी. कोणाकडून ते सर्वांना ठाऊक होते, पण कोणी नाव घेतले नाही.

“नाही करणार,” बहीण म्हणाली. “आता कापली तर उडायचा कसा?”

तेही खरे होते. ज्या शेपटीने त्याची ओळख पटत होती तिने त्याला उडता येत नव्हते, आणि ज्या शेपटीने उडता येत होते तिने ओळख पटत नव्हती. यावर विचार करण्यासाठी बैठकांमागून बैठका झाल्या. दरम्यान पाहुणा तारांवर धडका घेऊ लागला. छातीवरची पिसे तुटली. नाकाशी रक्त दिसले. बहिणीने आणलेले तुकडे तो घेईनासा झाला.

पुढच्या मंगळवारी बैठक पिंजऱ्यापाशीच भरली होती. बहीण दुकानातून तशीच आली, गळ्यात टेप, बाहीला टोचलेल्या टाचण्या. ती अध्यक्षांसमोर उभी राहिली.

“काका, एक विचारू? तुमच्याकडे थोरला दाखल आहे का?”

“नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“कुठं नोंद आहे त्याची?”

“कुठेच नाही.”

“मग थोरला इथून गेला, तर तुमच्याकडचं काय कमी होईल?”

अध्यक्षांनी डोळे मिटले. जमिनीच्या कित्येक वादांत त्यांनी असेच डोळे मिटले असतील. मग ते म्हणाले, “तसं पाहिलं तर काहीच नाही.”

त्यांचे वाक्य संपायच्या आत तिने कडी काढली.

शिक्रा आधी दारात बसला, मग गोदामाच्या भिंतीवर. त्याने एकदा अंग फुलवले, आणि दोन घरांच्या मधल्या फटीतून असा काही वळून गेला की आम्ही सगळे आ वासून पाहत राहिलो. “थोरला!” अध्यक्ष ओरडले. “धाकटा!” उपाध्यक्ष ओरडले. सवय सुटत नाही. बहिणीने टेपच्या टोकाने डोळे पुसले आणि ती गणवेश राहिलेत म्हणून निघून गेली. तिच्या दुकानाच्या काचेवर आता कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, आणि ती पुसायच्या भानगडीत ती पडत नाही.

केंद्राचे काम पूर्ववत चालू आहे. धाकटा शिक्रा अजून दाखलच आहे, कारण त्याला सोडल्याची नोंद नाही. त्याच्या पिंजऱ्यात रोज पाणी बदलले जाते. पशुवैद्य मंगळवारी येतात, पिंजऱ्यात डोकावतात आणि शेरा मारतात: ‘प्रकृती समाधानकारक. भूक मंद.’ केंद्रात अद्याप एकही पक्षी दगावलेला नाही.

इथवर आल्यावर वाचकांपैकी काही जण हसत असतील. मंडळाची त्याला हरकत नाही. फक्त एक आठवून पाहावे. कधीतरी एका खिडकीपुढे तुम्ही उभे होतात. आतल्या माणसाने कार्डावरचा फोटो पाहिला, तुमच्याकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला आणि विचारले, “हे तुम्हीच का?” तुम्ही वाद घातला नाहीत. चष्मा काढलात, केस मागे सारलेत, हनुवटी जराशी वर केलीत, आणि त्या जुन्या फोटोसारखे तोंड करून तो हो म्हणेपर्यंत उभे राहिलात.

तुमच्या बाबतीत तर कात्रीसुद्धा लागली नाही.